फियाटच्या बॉनेटमधला पेट्रोलचा वास : कार्ब्युरेटर निर्दोष सुटला

मंडळी, ब्रेकचं काम तूर्त बाजूला ठेवलंय, कारण गाडीने नवा विषय काढला. गाडी तीच : प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, सॉलेक्स कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग), टाकीतून पेट्रोल ओढणारा मेकॅनिकल पेट्रोल पंप. कागदावर पद्मिनी, घरात अर्थातच फियाट.

तक्रार अशी. चालवताना वास नाही. सकाळी थंड इंजिन सुरू करतानाही नाही. पण ट्रॅफिकमधून तापून आली, बंद केली, की थोड्या वेळाने बॉनेटच्या फटीतून पेट्रोलचा भपकारा. खाली थेंब नाही, बॉनेट उघडलं तर कुठे ओल नाही. रात्रीतून वास गायब.

ज्याला सांगावं तो म्हणतो, कार्ब्युरेटर. आमचे गॅरेजवाले काका तर पान्हा हातात घेऊनच बोलले, "खोलू का?" मी म्हटलं, थांबा जरा. कार्ब्युरेटर खोलला की गास्केट बदला, जेट साफ करा, मग आयडलिंग पुन्हा जुळवत बसा. इतकं सगळं होऊन वास तसाच राहिला तर?

माझं मत असं, की या कामात नाकापेक्षा घड्याळ जास्त कामाचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा बरीच जड असते. ती गळतीच्या जागी थांबत नाही, खाली उतरते आणि वारा नेईल तिकडे जाते. त्यामुळे वास जिथे जास्त तिथे गळती असेलच असं नाही. वास *कधी* येतो ते मात्र बरंच काही सांगून जातं. थंड सुरू करताना येत असेल तर चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) आणि जाड, म्हणजे पेट्रोल जास्त झालेलं, मिक्श्चर आधी बघा. इंजिन चालू असताना येत असेल तर पंपाच्या पुढची दाबाखालची लाइन, किंवा फ्लोट चेंबर, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी, जी पेट्रोल आत सोडणारा-थांबवणारा नीडल व्हॉल्व्ह अडकला की ओसंडते. गाडी नुसती उभी असतानाही येत असेल तर टाकी, झाकण, मागची नळी.

आणि बंद केल्यावरच येत असेल तर? धावताना गाडीचं वारं आणि बेल्टवरचा पंखा मिळून इंजिनाजवळची उष्णता आणि वाफ दोन्ही उडवून लावतात. इंजिन बंद झालं की पंखाही थांबतो आणि बॉनेटखालचं तापमान उलट चढतं. पंपाचा व्हॉल्व्ह आणि कार्ब्युरेटरची नीडल यांच्यामधल्या नळीत पेट्रोल कोंडलेलं असतं. पद्मिनीला टाकीकडे परत जाणारी लाइन नाही, म्हणजे ते तापून फुगलं तरी जायला वाट नाही. दाब वाढतो आणि सगळ्यात कमकुवत जोड असेल तिथून झिरपतं. झिरपलेलं गरम लोखंडावर लगेच उडून जातं, म्हणून ओल दिसत नाही. अर्थात फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळूनही असाच वास येतो. तेव्हा संशयित दोन.

शोधाआधी : गाडी पार्किंगमधून ढकलत मोकळ्यावर आणली, कारण इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये वाफ तळाशी साचते. पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. वायरवाला पिवळा बल्ब नाही, फक्त एलईडी टॉर्च. बिडी ओढत 'काय झालं' विचारायला आलेल्या वॉचमनकाकांना आधी लांब पाठवलं. हे हसण्यावारी नेऊ नका, पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं.

पंप फाटलाय का, ते आधी पाहिलं. त्याचा डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, फुटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवरची पातळी चढलेली नव्हती, ऑइल बोटांत पातळ लागत नव्हतं, वासही नव्हता. पंपही निर्दोष.

मग साधी टाल्कम पावडर. गाडी तापवून आणली, बंद केली, बॉनेट उघडून सगळ्या जोडांवर रंगाच्या जुन्या ब्रशने पावडर फासली : पंपाचं आउटलेट, कार्ब्युरेटरचं इनलेट, फ्लोट चेंबरच्या झाकणाची कड, कार्ब्युरेटरवरचाच अॅक्सिलरेटर पंप. इंजिन चालू असताना हे करू नका, पंखा सगळी पावडर तुमच्याच तोंडावर उडवेल. थोड्या वेळाने कार्ब्युरेटर जसाच्या तसा पांढरा. पंपाच्या आउटलेटवर मात्र ज्युबिली क्लिपच्या (नळी आवळणाऱ्या स्क्रूच्या पट्टीच्या) कडेला नखाएवढा करडा डाग उमटला आणि बघता बघता पुन्हा सुकायला लागला. तेवढंच!

नळी वरून सुती वेणीची, दिसायला ठणठणीत. वेणीची हीच गोम आहे, आतलं रबर कुजलं तरी बाहेर पत्ता लागत नाही. काढून ब्लेडने उभी चिरली. आतला थर मऊ, चिकट, बोट काळं करणारा. क्लिपची धार जिथे चावत होती, बरोबर तिथे केसासारखी उभी चीर. वय झालंच होतं, वर क्लिप गरजेपेक्षा जास्त आवळलेली. त्यात आता पेट्रोल पंपांवर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. या गाड्यांच्या काळातलं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं, ते फुगतं आणि मऊ पडतं.

नाना पेठेत पहिल्या दुकानात मीटरवर कापून मिळणारी पारदर्शक नळी पुढे केली. नको म्हटलं, ती बॉनेटच्या उष्णतेत कडक होऊन तडकते. 'एसएई जे३० आर९' छापलेली नळी मागा. तिचं आतलं अस्तर फ्लोरो रबराचं असतं, इथेनॉल चालतं. क्लिपही दुमडलेल्या कडांच्या घेतल्या, म्हणजे चावणार नाहीत.

नळी बसवल्यापासून भपकारा बंद आहे. पावडर पुन्हा फासून पाहिली, सगळं पांढरं. भर उन्हात घाट चढून आल्यावर अगदी पुसट वास येतो, तो फ्लोट चेंबरचा असावा. फ्लोटची पातळी तपासायची आहे, पण त्यासाठी लगेच ओव्हरहॉल करणार नाही.

पुढचं काम टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीचं. ती ओढीच्या बाजूला आहे, म्हणजे पंप तिच्यातून पेट्रोल ओढतो, त्यामुळे तिला चीर पडली तर इंजिन चालू असताना पेट्रोल गळण्याऐवजी हवा आत जाते. वास येईलच असं नाही, गाडी चढावर मिसिंग करत, म्हणजे अडखळत, बसेल. आणि इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा पंप डायफ्रॅम कुणाला मिळाला असेल तर दुकान कळवा. मुंबईतल्या फियाट टॅक्सी २०२३ मध्ये बंद झाल्यापासून पंपाचं असं किट शोधणं अवघड झालंय.