४० मीटर: एस ९ चा गोंगाट अखेर एस ३ वर

हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडसाठी (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या व्हीच्या आकाराची तारेची डायपोल अँटेना, गच्चीवर चढवली आणि ७.१०० मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली याचे माप, आदर्श १) १.३ वर आणला, इथपर्यंतची हकिगत मागच्या नोंदीत आली आहे. त्यानंतरचे तीन आठवडे मात्र एकाच दुखण्यात गेले, कारण संध्याकाळ झाली की सिग्नलची ताकद दाखवणारा एस मीटर नुसत्या गोंगाटानेच एस ९ च्या खाली उतरतच नसे.

वॉटरफॉलवर (फ्रिक्वेन्सीनुसार सिग्नल दाखवणाऱ्या पडद्यावर) साधारण दर ६५ किलोहर्ट्झला एक जाड, हळूहळू सरकणारा पट्टा दिसत होता, म्हणजे हा एसएमपीएसचाच (चार्जर वगैरेंतल्या स्विचिंग पॉवर सप्लायचा) उपद्रव होता. घरातला मेन स्विच पाडून रिग (रेडिओ संच) बॅटरीवर चालवली, तरी फरक जेमतेम एका एस युनिटचा पडला. अँटेना गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हलवायची, असे मी जवळजवळ ठरवले होते. त्याआधी एकदा रिग आणि बॅटरी गच्चीवर नेऊन दोन मीटरच्या कोॲक्स केबलने जोडली, तर तीच अँटेना, तीच वेळ आणि गोंगाट फक्त एस ३! दोष अँटेनाच्या जागेचा नव्हताच. जिन्याच्या डक्टमधून इमारतीच्या वायरिंगला खेटून उतरणाऱ्या १८ मीटर कोॲक्सची बाहेरची जाळी तो गोंगाट गोळा करून फीडपॉइंटवर (केबल अँटेनाला जोडते तिथे) डायपोलच्या हवाली करत होती.

उपाय चोकचा, म्हणजे फेराइट कोअरवर कोॲक्सचे वेढे घेऊन जाळीवरून वाहणारा नको असलेला प्रवाह अडवायचा. ‘मिक्स ३१’ (फेराइटचा एक प्रकार) म्हणून स्वस्तात मागवलेल्या पहिल्या कोअरने नॅनोव्हीएनए या मोजमापाच्या यंत्रावर ७ मेगाहर्ट्झला काही शे ओहमचाच अडथळा दाखवला, तेव्हा कोअर मोजल्याशिवाय वर चढवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. दुसऱ्या, खऱ्या कोअरवर कोॲक्सचे १२ वेढे घेतल्यावर आकडा चार हजारांच्या वर गेला. तो चोक फीडपॉइंटवर बसवताच गोंगाट एस ४ वर आला, आणि खोलीत कोॲक्स शिरते तिथे दुसरा लावल्यावर एस ३ वर.

काल सव्वासातला रत्नागिरीच्या मित्राचे ५ वॉटचे प्रसारण स्पष्ट ऐकू आले. २ मीटर बँडवर लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे आमच्यामध्ये अख्खा सह्याद्री उभा राहतो. ४० मीटरची लहर मात्र वर जाऊन आयनमंडलातून परतून थेट कोकणात उतरते. त्याने मायक्रोफोन खाली ठेवल्याचा टक् आवाजसुद्धा कानांवर पडला, तेव्हा फार समाधान वाटले.

पुढच्या रविवारी कोॲक्स डक्टबाहेर काढायचे ठरले होते, पण हे लिहितानाच सुचले की आता त्याची घाई नाही. त्याऐवजी त्याच फीडपॉइंटवर पाच-पाच मीटरच्या दोन तारा जोडून फॅन डायपोल करावा आणि २० मीटर बँडही उघडावा. त्यासाठी चोकचे वेढे बदलण्यापूर्वी १४.२ मेगाहर्ट्झला हाच चोक किती ओहम दाखवतो, ते आधी मोजतो.