पार्सल जिथे उतरतं, तिथला कर: नागपूरहून मसाला विकताना

"चाळीस लाखांपर्यंत जीएसटीचं नावही काढू नका" हा सल्ला मला इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्याने दिला, शेजारच्या काकांनी दिला, आणि पार्सल उचलायला येणाऱ्या कुरिअरच्या पोराने तर रोज दिला. "काऊन एवढी डोकेफोड करून राहिल्या ताई, छोटं दुकान तं आहे." सल्ला खोटा नाही. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली की नोंदणी लागते, सेवा देणाऱ्याला २० लाखांवर. पण हे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याचं झालं. करपात्र माल राज्याबाहेर पाठवला की केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम २४ लागतं, आणि मग नोंदणी पहिल्या रुपयापासून सक्तीची. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना यात सवलत आहे, मसाल्याला नाही.

मी आणि माझी जाऊ घरून सावजी मसाला, भिवापुरी तिखट, वायगावची हळद, लिंबाचं लोणचं आणि पापड विकतो. असा माल विकणाऱ्या नागपूरकराला राज्याची सीमा फार लवकर आडवी येते. छिंदवाडा इथून जेमतेम सव्वाशे किलोमीटर; सिवनी, बालाघाट, राजनांदगाव हेही आपल्याच पट्ट्यातले. तिकडच्या घरांत आपल्या सुना-लेकी आहेत, त्यांना ही चव ठाऊक आहे. छिंदवाड्याला गेलेल्या पाकिटावर आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीचा एकच कर, आणि समृद्धी महामार्गाने ७०१ किलोमीटर लांब मुंबईकडे गेलेल्या पाकिटावर सीजीएसटी अधिक एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या विक्रीचे केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कर. अंतराचा इथे काही संबंध नाही.

कंपोझिशन योजनेचा मोह मलाही झाला. तिमाहीला थोडा ठरावीक कर भरायचा आणि मोकळं व्हायचं, असं ऐकायला बरं वाटतं. पण त्या योजनेत माल राज्याबाहेर विकता येत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून तिथल्या व्यापाऱ्याला ऑनलाइन बाजारपेठेवरून विकायची परवानगी मिळाली, तीही राज्यातल्या राज्यातच. आमच्या सीए मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "रायपूरची ऑर्डर नाकारणार का?" विषय संपला.

नोंदणी ऑनलाइन होते, सरकारी फी काही नाही. पॅन, मोबाइल आणि ईमेल दिला की टीआरएन, म्हणजे तात्पुरता क्रमांक, मिळतो. तो १५ दिवस चालतो, तेवढ्यात अर्जाचा दुसरा भाग भरायचा. घरातून धंदा करणाऱ्यांची गाडी अडते ती जागेच्या कागदांवर. आमचं लाइट बिल सासूबाईंच्या नावावर, आणि महापालिकेच्या मालमत्ता कराची पावती अजून सासऱ्यांच्याच नावावर. ते आता नाहीत. अर्थातच विचारणा आली. तिला सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. सासूबाईंचं संमतीपत्र, सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला आणि ताजं लाइट बिल जोडलं, काम झालं. ज्यांच्या घरी हीच स्थिती आहे त्यांनी हे कागद अर्जासोबतच लावावेत, विचारणेची वाट बघू नये.

नंबर आला, पंधरा अक्षरांचा, सुरुवात २७ ने, म्हणजे महाराष्ट्र. नियमाप्रमाणे प्रमाणपत्र धंद्याच्या जागी दिसेल असं लावायचं आणि नंबर दारावरच्या पाटीवर लिहायचा. यावर सासूबाई अडल्या. "बाबांच्या नावाखाली हे आकडे लावून राहिली का तू?" शेवटी फाटकाच्या दुसऱ्या खांबावर दुकानाची वेगळी छोटी पाटी लागली. गल्लीत आता सगळ्यांना वाटतं की आमचं फार मोठं काम सुरू झालं आहे.

नंबर मिळाला म्हणजे बहुतेकांना सगळं आटोपलं असं वाटतं. खरं काम दुकानाच्या सेटिंगमध्ये आहे. आमचं दुकान वूकॉमर्स या ऑनलाइन दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. ते उभारून देणाऱ्या मुलाने करांच्या तक्त्यात एकच ओळ टाकली होती: भारत, ५ टक्के, नाव 'जीएसटी'. गिऱ्हाइकाकडून पैसे बरोबर येत होते, पण बिल चुकीचं. महाराष्ट्रातल्या बिलावर अडीच टक्के सीजीएसटी आणि अडीच टक्के एसजीएसटी वेगळे दिसायला हवेत, बाहेरच्या बिलावर ५ टक्के आयजीएसटी. एका खात्यातला कर चुकून दुसऱ्यात भरला तर तो आपोआप तिकडे वळत नाही. योग्य खात्यात पुन्हा भरायचा आणि आधीच्याचा परतावा मागायचा. व्याज लागत नाही हीच काय ती मेहेरबानी.

मग त्याने महाराष्ट्रासाठी दोन ओळी केल्या, तर कर निम्मा झाला. २१० रुपयांच्या पाकिटात १० रुपये कर यायला हवा, पडद्यावर ५ रुपये १२ पैसे. तक्त्यात 'प्रायॉरिटी' नावाचा एक रकाना आहे आणि दोन्ही ओळींसमोर त्याने १ लिहिलं होतं. वूकॉमर्स एका प्रायॉरिटीची एकच जुळणारी ओळ धरतं, दुसरी सोडून देतं. म्हणून सीजीएसटीला १ आणि एसजीएसटीला २ द्यायचं. बाकी देशाची आयजीएसटीची ओळ राज्याचा रकाना कोरा ठेवून टाकायची आणि तिला मात्र १ च द्यायचं. मग महाराष्ट्राच्या पत्त्याला एमएच लिहिलेली ओळ आधी लागते आणि आयजीएसटी गप्प राहतो. तिला ३ दिलं असतं तर नागपूरच्या गिऱ्हाइकाला तिन्ही कर लागले असते. 'कंपाउंड'ची खूण कुठेच करायची नाही, नाही तर करावर कर चढतो.

करांच्याच सेटिंगमध्ये दुसरी निवड असते: कर कोणत्या पत्त्यावरून मोजायचा? दुकानाचा, बिलाचा की डिलिव्हरीचा? आमच्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. पोरगी बेंगळुरूला नोकरीला, आई-बाबा धरमपेठेत. पोरगी तिथून पैसे भरते, पाकीट इथे उतरतं. बिलाचा पत्ता कर्नाटक, डिलिव्हरीचा महाराष्ट्र. सीजीएसटी-एसजीएसटी की आयजीएसटी? नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत २६ जून २०२४ च्या परिपत्रकाने हे स्पष्ट केलं आहे: दोन पत्ते वेगळे असतील तर डिलिव्हरीचा पत्ता धरायचा, आणि बिलावर गिऱ्हाइकाचा पत्ता म्हणून तोच लिहिता येतो. म्हणजे पार्सल जिथे उतरतं, तिथला कर. बिल छापणारं प्लगइन (दुकानाला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) मात्र राज्याचं नाव बिलाच्या पत्त्यावरून उचलत होतं, ते वेगळं बदलावं लागलं. दुकान बरोबर आणि बिल चूक, असंही होऊ शकतं हे तेव्हा कळलं.

किंमत करासकटच लिहायची. पाकिटावर एमआरपी छापतो ती सगळे कर धरूनच असते; चेकआउटला वर पाच टक्के चढवले तर एमआरपीच्या पुढे गेलो. त्यामुळे हिशेब उलटा: २१० मधून २०० मालाचे, १० कराचे. शिपिंगचं मात्र वूकॉमर्समध्ये उफराटं आहे. वस्तूंची किंमत करासकट लिहिलेली असली, तरी शिपिंगचा आकडा ते कराविना धरतं. साठ लिहिले की गिऱ्हाइकाला त्रेसष्ट दिसतात. आम्ही तिथे ५७.१४ लिहून ठेवलं आहे, वर पाच टक्के लागून बरोबर साठ होतात. शिपिंगला कर कशाला, असं जाऊबाईंनी विचारलं होतं. पाठवणावळ हा त्याच विक्रीचा भाग, म्हणून जो दर मालाला तोच तिला.

दिवाळीत या धंद्याची खरी परीक्षा होते. जाऊबाईंच्या डोक्यात भेटीचा डबा होता: मसाला, तिखट, हळद आणि सोबत अत्तराची एक कुपी, सगळ्याची मिळून एक किंमत. फोटो काढून झाले, नाव ठरलं. सीए मॅडमनी फोटो बघून आधी कुपी कितीची ते विचारलं. मसाल्याला ५ टक्के, अत्तराला १८. वेगवेगळ्या दराच्या, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या वस्तू एकाच किमतीत बांधून विकल्या की कायद्याच्या भाषेत ती 'मिक्स्ड सप्लाय', आणि सगळ्या डब्याला सर्वांत चढा दर. मसाल्याचे ७०० आणि अत्तराचे १०० धरले, तर वेगळं विकल्यावर कर ३५ अधिक १८, म्हणजे ५३ रुपये. एकत्र बांधल्यावर ८०० वर १८ टक्के, १४४ रुपये. एका कुपीपायी एक्याण्णव रुपये जास्त! आम्ही मग प्रत्येक वस्तूला तिची किंमत दिली आणि गिऱ्हाइकाला हवं ते निवडू दिलं. बिलावर प्रत्येकाची ओळ वेगळी, खोका नुसता खोका. अत्तर फार कमी लोकांनी घेतलं, ते सोडा.

पापडाला कर शून्य. त्याला वूकॉमर्सच्या 'झिरो रेट' या करवर्गात टाकलं. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाने मसाला आणि पापड एकत्र मागवले तर दोन कागद काढावे लागत नाहीत, 'इन्व्हॉइस-कम-बिल ऑफ सप्लाय', म्हणजे करपात्र आणि करमुक्त मालाचं मिळून एकच बिल, चालतं. बिलांचे क्रमांक सलग हवेत, सोळा अक्षरांच्या आत. ऑर्डरचा नंबर बिलाचा नंबर म्हणून वापरू नका. रद्द झालेल्या ऑर्डरींनी मध्ये भोकं पडतात.

स्वतःच्या दुकानाशिवाय आम्ही एका मोठ्या बाजारपेठेवरही विकतो. ते आपले पैसे देताना टीसीएस, म्हणजे आपल्या नावाने आगाऊ भरायचा कर, कापतात. १० जुलै २०२४ पासून तो १ टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आला. हे पैसे बुडत नाहीत, पण आपोआपही येत नाहीत: जीएसटीच्या पोर्टलवर जाऊन स्वीकारावे लागतात, मग तिथल्या आपल्या कॅश लेजरमध्ये (रोख खात्यात) जमा होतात. कुरिअर आणि पेमेंट गेटवेच्या बिलांवर १८ टक्के जातात. त्यांच्या खात्यांत आपला जीएसटी नंबर पहिल्याच दिवशी भरून ठेवावा, तरच ते १४ तारखेच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे आपल्या खरेदीवरच्या कराच्या यादीत, दिसतात आणि वजावट घेता येते.

रिटर्नबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उलाढाल पाच कोटींच्या आत असल्याने आम्ही तिमाही रिटर्नचा पर्याय घेतला. कर मात्र तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा, त्या-त्या महिन्याच्या पुढच्या महिन्यातल्या २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो. दुकानातून राज्यवार बेरीज काढायची सवय ठेवली की बाकी मॅडम बघतात. कॅश ऑन डिलिव्हरीची परत आलेली पाकिटं त्या बेरजेतून वजा झाली की नाही, एवढं आपण बघायचं.

हे सगळं बसलं असं वाटत असतानाच ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेने दर बदलले, लागू २२ सप्टेंबरपासून. त्या दिवशी सोमवार, घटस्थापना. आमचं लिंबाचं लोणचं १२ टक्क्यांवरून ५ वर आलं. किंमत करासकट असल्यामुळे दुकानात नुसता करवर्ग बदलला असता तर गिऱ्हाइकाला फरक दिसलाच नसता, सुटलेला कर आमच्याच खिशात राहिला असता. बरणी २२४ ची होती: २०० अधिक २४. ती २१० केली. अडचण रविवारच्या ऑर्डरींची होती. पैसे २१ तारखेला आले, दुकानाने १२ टक्के लावून ठेवले, पण माल आणि बिल सोमवारी निघणार. दर बदलतात तेव्हासाठी कलम १४ आहे. पैसे आधी आले असले, तरी माल आणि बिल दोन्ही बदलानंतरचे असतील तर नवा दर. म्हणून त्या बरण्यांची बिलं ५ टक्क्यांनी नव्याने काढली आणि बरणीमागे १४ रुपये परत पाठवले. मंगळवारी अमरावतीहून एका मावशींचा फोन आला, हे चौदा रुपये कशाचे म्हणून. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग पुढच्या खेपेला दोन बरण्या टाक."