दिसायला सेम

काल दुपारी आबांच्या वहीतल्या पावसाच्या नोंदींचा ग्राफ काढायला बसले होते. मॅटप्लॉटलिबमध्ये, म्हणजे पायथनच्या ग्राफ काढायच्या लायब्ररीत, दहा ओळींचं काम, मागच्या महिन्यात मस्त चाललेलं. पण मधे न्यूमपायचं, म्हणजे मॅटप्लॉटलिब ज्यावर उभं असतं त्या आकडेमोडीच्या लायब्ररीचं, नवीन व्हर्जन दिसलं आणि मी तेवढं एकच अपडेट करून टाकलं. का, तर जुनं काही दिसलं की मला चैन पडत नाही, बाकी कारण नाही. झालं, पहिल्याच इम्पोर्टला, लायब्ररी आत घेतानाच, पानभर एरर.

सार काय, तर माझं मॅटप्लॉटलिब न्यूमपाय १ धरून कंपाइल झालेलं, म्हणजे त्याच्याच मापाने बेतलेलं, आणि मी न्यूमपायला नेऊन बसवलेलं २ वर. हे २ आलं जून २०२४ ला. २००६ च्या १.० नंतर पहिल्यांदा टिंबाआधीचा आकडा हलला आणि सोबत आतली सी भाषेतली मांडणीही हलली. नाव तेच, पण मॅटप्लॉटलिब बिचारं सवयीने जुन्या कप्प्यात हात घालतंय आणि तिथे भलतंच काहीतरी.

आईच्या शिलाई मशीनचं असंच झालेलं. सातवी-आठवीत असेन, दिवाळीच्या साफसफाईत तिच्या गंजलेल्या बॉबिनी बघून मला कसंतरीच झालं, म्हणून बाजारातून डझनभर नव्या, चकचकीत आणल्या आणि जुन्या सरळ भंगारात. दिसायला सेम हो! पण केसभर जाड असाव्यात. वरून टाका झकास आणि कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचं घरटं. आई रागावली नाही, नुसती ती घरटी कात्रीने कापत बसायची आणि मला विचारायची, "तुला कोणी सांगितलं होतं गं?" चार दुकानं पालथी घातली, पण तशी बॉबिन काही मिळाली नाही.

इथे मी अडीच तास सगळं केलं, काढून परत टाकलं, लॅपटॉप बंद-चालू केला, शेवटी एरर नीट वाचली. त्यातच उपाय लिहिलेला! खरं तर मॅटप्लॉटलिबलाही पुढे न्यायला हवं होतं, पण हिंमत नव्हती, न्यूमपायलाच २ च्या खाली ओढलं. जुनं व्हर्जन मिनिटभरात उतरलं, कुणी भंगारात दिलेलं नव्हतं. जुलैची रेघ आली वर.

मशीन आहे अजून. त्यावर टीव्ही ठेवलाय.