तुम्ही विचारलंत म्हणून: "यातून काहीही निघतं का?"

टेबलावरच्या थ्रीडी प्रिंटरकडे बघून घरी येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. शेजारच्या काकू तर म्हणाल्या होत्या, "मग लाडू काढून दे की!" एकदाचं लिहूनच टाकतो.

चकलीचा सोऱ्या आठवा. इथे पिठाऐवजी प्लास्टिकची तार असते. मक्यासारख्या पिकांच्या स्टार्चपासून बनणारं पीएलए मी वापरतो. साधारण २०० अंशांना ते वितळून ०.४ मिलिमीटरच्या भोकातून बाहेर पडतं. काँप्युटरमधल्या आकृतीच्या आधी पातळ चकत्या करायच्या, मग यंत्र एकेक चकती गिरवत थरावर थर चढवतं. थर ०.२ मिलिमीटरचा, म्हणजे बोटभर उंचीलाही शेकडो थर. घाई असणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

काकूंच्याच मिक्सरचं बटण तुटलं. दुकानदार म्हणाला, "मॉडेल बंद झालं, नवीनच घ्या." म्हटलं, आपणच छापू. बटण बसतं ती मिक्सरची दांडी व्हर्नियरने (बारीक मापं घेण्याच्या पट्टीने) मोजली: ६ मिलिमीटर, एका बाजूने चपटी. नव्या बटणाला तेवढंच भोक ठेवलं, तर दांडी आत जाईना. छापलेली भोकं जराशी लहानच येतात. दुसऱ्यांदा ६.२ ठेवलं. बसलं, पण पिळताच थराच्या सांध्यावर कट्‌कन तुटलं. तिसऱ्यांदा आडवं झोपवून छापलं, ते अजून फिरतंय. दहा रुपयांचंही प्लास्टिक गेलं नसेल. माझा रविवार मात्र धरू नका.

हे तंत्र तसं जुनं आहे. अमेरिकी अभियंते चक हल यांनी प्रकाशाने द्रव राळ घट्ट करण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी १९८४ मध्ये अर्ज केला. माझ्या यंत्राची पद्धत स्कॉट क्रंप यांची. तिचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं आणि असली यंत्रं आमच्यासारख्यांच्या खिशाला परवडू लागली.

बंगळुरूच्या अलसूरमध्ये २०२३ साली काँक्रीटचे थर चढवून पोस्ट ऑफिस उभारलं, त्याची बातमी तुम्ही वाचली असेल. चेन्नईच्या अग्निकुल या रॉकेट बनवणाऱ्या कंपनीने तर छापलेल्या एकसंध इंजिनावर ३० मे २०२४ रोजी रॉकेट उडवलं. पण मला विचाराल तर या तंत्राची खरी जागा कानात आहे. प्रत्येकाचा कान वेगळा, म्हणून कानात बसणाऱ्या श्रवणयंत्राचं कवच ज्याचं त्यालाच बनवावं लागतं. ती कवचं कितीतरी वर्षं अशीच छापली जातात. एकसारख्या दहा हजार बादल्या हव्या असतील तर साचाच बरा.

घरी घ्यायचा विचार असेल तर पावसाळ्याची तयारी ठेवा. रीळ उघडं राहिलं की तार हवेतला ओलावा पिते. मग छापताना फोडणीसारखी तडतड, आणि वस्तूवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. मी रिळं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. आणि उन्हाचंही बघा: एप्रिलमध्ये बंद गाडीत राहिलेला माझा मोबाइल स्टँड मान टाकून बसला होता. पीएलए साठेक अंशांनाच मऊ पडतं.

काकूंनी परवा कुकरच्या शिट्टीचं विचारलं. बाजारातून आणा म्हटलं.