‘उद्या तुम्हाला काढलं तर?’
प्रिन्सेस स्ट्रीटच्या दवाबाजारात औषधांचे एक घाऊक व्यापारी आहेत. सगळे त्यांना तात्या म्हणतात. जुन्या सॉफ्टवेअरवाल्याने वार्षिक फी भरमसाट वाढवली. सोडतो म्हटल्यावर त्यांचाच डेटा पीडीएफमध्ये हातात ठेवला. बॅच नंबर, एक्स्पायरीच्या तारखा, उधारी, सगळं पुन्हा टाइप करत बसा!

आम्ही ईआरपीनेक्स्ट हे बिलं, साठा, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर बसवून देतो. ते मुंबईतल्याच फ्रॅपे कंपनीचं, जीपीएल परवान्याखाली खुलं, म्हणजे त्याचा कोड कुणीही पाहू, वापरू, बदलू शकतं. लायसन्सचे पैसे नाहीत. आमची कमाई बसवण्याची, शिकवण्याची आणि सपोर्टची.

“कोड सगळ्यांना उघडा, म्हणजे माझे रेट शेजारच्याला दिसणार ना, मॅडम?” तात्यांनी बसल्या बसल्या विचारलं. मी लॅपटॉपवर एका बाजूला कोड उघडला, दुसऱ्या बाजूला नमुन्यादाखल भरलेला त्यांचा माल. बिल कसं करायचं ती रीत कोडमध्ये असते. रेट डेटाबेसमध्ये, आणि तो त्यांच्याच दुकानातल्या सर्व्हरवर. तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पॅरासिटामॉलची एक बॅच शोधली आणि तारीख खोक्यावरच्या तारखेशी ताडून पाहिली. मग म्हणाले, “आणि उद्या तुम्हाला काढलं तर?”

आमच्या सरांनी तिथल्या तिथे बॅकअप काढून पेन ड्राइव्ह त्यांच्यापुढे ठेवला. “हे काम करणाऱ्या कुठल्याही कंपनीला द्या. आम्हाला विचारायचीही गरज नाही.”

जाहिरात, सेल्सची फौज यात आमच्यासारख्यांचा निभाव लागणार नाही. पण मोठ्या कंपन्या जे मुठीत आवळून धरतात, ते आम्ही पहिल्याच बैठकीत देऊन टाकू शकतो. मला हीच आमची खरी ताकद वाटते. यात धर्मादाय काही नाही. लिनक्स या अशाच खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर सपोर्ट विकणारी रेड हॅट आयबीएमने 2019 मध्ये 34 अब्ज डॉलरला घेतली.

पुढे प्रश्न निघाला एक्स्पायर झालेला माल कंपनीला परत पाठवायच्या रिपोर्टचा. तो आम्ही तात्यांसाठी नव्याने लिहिणार होतो. जीपीएलप्रमाणे ज्याला प्रोग्राम देतो त्याला त्याचा सोर्स कोडही द्यावा लागतो. जगाला वाटण्याची सक्ती नाही. तरी तो सगळ्यांसाठी खुला करावा असा आग्रह मी धरला. इतर लोक वापरतील, चुका पकडतील, आणि मूळ प्रोग्राममध्ये गेला तर प्रत्येक नव्या आवृत्तीला आम्हाला जोडाजोड करत बसावं लागणार नाही. सर राजी झाले. तात्यांची हरकत नव्हती, फक्त नमुन्यातही त्यांचे रेट नकोत.

करारात त्यांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: दर शनिवारी पूर्ण बॅकअप माझ्या ड्राइव्हवर. खाली सही केली आणि वर्षभराच्या सपोर्टचा चेक फाडला.