न घेतलेली उचल

नववीच्या दुसऱ्या घटक चाचणीत आमच्या इतिहासाच्या सरांनी पुस्तकाबाहेरचा एक प्रश्न घातला होता. 'हैती येथील गुलामांच्या क्रांतीची कारणे व परिणाम लिहा. (५ गुण)' मला चार मिळाले. एक का गेला ते विचारायला शिक्षकांच्या खोलीत गेलो, तर सर म्हणाले, "बघ, तुझं तुला सापडतंय का." सापडलं, पण तीसेक वर्षांनी. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा पहिल्यांदा तो एक मार्कच आठवला, म्हणून त्याच्याबद्दल लिहितो.

वर्ष १९७६-७७. शाळा तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. दुपारी पत्रा तापला की सर वर्ग बाहेर चिंचेखाली काढायचे. त्यांचं टोपणनाव 'निमित्त सर'. कुठल्याही लढाईचं, बंडाचं कारण विचारलं आणि पोरानं पुस्तकातली ओळ म्हणून दाखवली की त्यांचं ठरलेलं असायचं, "हे निमित्त झालं. कारण सांग."

पुस्तकात फ्रेंच राज्यक्रांती होती. स्वातंत्र्य, समता, बंधुता वाचून झालं आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, फ्रान्सकडं गुलाम होते का हो?" प्रश्न चेष्टेचा होता. सरांनी मात्र पुस्तक मिटलं. "उद्या डबे घेऊन या. पाटलांच्या गुऱ्हाळावर जायचंय." पाटलांचं गुऱ्हाळ म्हणजे आमचंच.

पौषाचे दिवस होते. काहिलीत आदण उकळत होतं, गुळव्या भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी काढत होता, चुलवाणात चिपाडं सारायचं काम चाललं होतं. पोरांना वाटलं, काकवी मिळणार. सर मात्र त्या बाजूला वळलेच नाहीत. आमच्याकडे इंजिनाचा चरक येऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्या आधीचा, बैलांनी ओढायचा लोखंडी चरक कडेला पाचटात पडून होता. उभ्या तीन लाटा, लाटांत जेमतेम बोटभर फट. सर त्याच्यापाशी उभे राहिले.

"सँ-दोमँग नावाचं एक बेट. खरं तर बेटाचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा. १६९७ पासून तो फ्रान्सकडे. आजचं हैती ते हेच. तिथं चरक असाच, उभ्या तीन लाटांचा. बैलाच्या जागी खेचरं, नाहीतर ओढ्याचं पाणी. आता मला सांगा, तोडलेला ऊस किती वेळ टिकतो?"

हे आम्हाला शिकवावं लागत नव्हतं. एक दिवस, फार तर दीड, मग रस उतरतो.

"मग हंगामात चरक रात्री थांबवता येईल?"

"नाही."

"काहील?"

"नाही."

"मग माणसं झोपतात कधी?"

आमच्याकडे पाळ्या असायच्या, दोन घरची माणसं आळीपाळीनं यायची. सर म्हणाले, तिथंही पाळ्या होत्या, पण दिवसभर उसाच्या फडात राबलेलीच माणसं रात्रीच्या पाळीला चरकावर उभी करायचे. पेंगुळलेला माणूस ऊस सारता सारता हात कुठं जातोय ते विसरतो.

आमचे थोरले चुलते, तात्या, शेजारी बिडी ओढत उकिडवे बसले होते. त्यांच्या उजव्या हाताला तीन बोटं नव्हती. ती ह्याच चरकात गेली होती, आणि हे वर्गातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. सरांनी त्यांना विचारलं, "तात्या, तुमचा हात गेला तेव्हा काय केलं लोकांनी?"

"काय करणार? आबा बैलाच्या म्होरं आडवा झाला. बैलं मागं सारली, लाट उलटी फिरली, हात निघाला."

"तिथं चरकाजवळ एक कुऱ्हाड ठेवलेली असायची," सर म्हणाले. "हात अडकला की खांद्यापासून तोडायचा, म्हणजे बाकीचा माणूस आत ओढला जात नाही."

तात्यांनी बिडी विझवली. बराच वेळ ते चरकाकडे बघत होते. मग म्हणाले, "आन् खेचरं मागं सारायला कितीसा येळ लागतोय?"

सर काही बोलले नाहीत. काहिलीखाली चिपाडं तडतडत होती. गुळव्यानं हाक दिली, "आदण उतरायला आलं!" आणि चार माणसं धावली. उत्तर आम्हाला तिथंच मिळालं. आदण कुणासाठी थांबत नाही.

त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट घडली. त्या हंगामात कारखान्याच्या तोडणीसाठी बीडकडची टोळी गावाबाहेर उतरली होती. त्यांच्यातला एक पोरगा दोन-तीन महिने आमच्या वर्गात बसायचा. हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं, पण सरांनी कधी हटकलं नाही. सर आकडे सांगत होते. १७८९ च्या सुमारास तिथं जवळपास पाच लाख गुलाम, तीस-चाळीस हजार गोरे, आणि तितकेच म्हणावेत असे स्वतंत्र पण काळ्या किंवा मिश्र रक्ताचे लोक. युरोपात खपणाऱ्या साखरेतली सुमारे चाळीस टक्के एवढ्याशा मुलखातून जायची, कॉफी तर निम्म्याहून जास्त. शेवटच्या वर्षांत दरसाल तीस हजारांवर नवी माणसं आफ्रिकेतून आणून उतरवत होते, कारण जन्मणाऱ्यांपेक्षा मरणारे जास्त होते आणि माणूस जगवण्यापेक्षा नवा विकत घेणं मळेवाल्यांना स्वस्त पडत होतं.

त्या पोरानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, त्यांनी उचल किती घेतली व्हती?"

दोघंतिघं हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "बाळ, तुझ्या बापानं मुकादमाकडनं उचल घेतली, ती हंगामभर फेडतोय. कधी फिटते, कधी अंगावर राहते. पण घेतली त्यानं. ह्या लोकांनी कुणाकडनं काही घेतलंच नव्हतं. न घेतलेली उचल फिटेल कशी?"

ऊसतोड आणि गुलामी एकच, असं सर त्या दिवशी म्हणाले नाहीत, पुढेही कधी म्हणाले नाहीत. कोणी तसं म्हटलं तर चिडायचे. दोन दुखणी एका नावानं हाक मारली तर दोन्हींना औषध मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पुढचा आठवडाभर तास चिंचेखाली झाले. कारणं लिहा म्हटल्यावर आम्ही सगळ्यांनी पहिली ओळ एकच लिहिली होती, 'फ्रेंच राज्यक्रांतीचा प्रभाव'. सरांनी ती खोडायला लावली. माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा ऑगस्ट १७८९ चा. त्याच्या कितीतरी आधी, १७५८ साली, माकांदाल नावाच्या बंडखोराला काप-फ्राँसे शहरात जिवंत जाळलं होतं. त्याचा एक हात चरकातच गेला होता असं सांगतात. तो मेलाच नाही, कीटक होऊन आगीतून उडून गेला, असं गुलाम मानत. "त्याला पॅरिसच्या जाहीरनाम्याची वाट बघावी लागली नाही," सर म्हणायचे. शिवाय १७९१ मध्ये तिथल्या गुलामांपैकी बहुसंख्य आफ्रिकेत जन्मलेले होते. स्वातंत्र्य म्हणजे काय हे त्यांनी अंगणात बघितलेलं होतं.

मग राज्यक्रांतीनं केलं काय? सरांचं उत्तर आमच्या गावातलं होतं: भावाभावांत वाटणीचं भांडण लागलं की वाड्याचं दार रात्रभर उघडं राहतं. गोऱ्या मळेवाल्यांना पॅरिसचा अंमल नको होता. मिश्र रक्ताच्या स्वतंत्र लोकांना गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क हवे होते, त्यांतल्या पुष्कळांकडे स्वतःचेही गुलाम होते. त्यांच्यातल्या व्हँसाँ ओजेनं १७९० मध्ये बंड केलं, फेब्रुवारी १७९१ मध्ये त्याला चाकावर हाडं मोडून मारलं. सगळे एकमेकांचे गळे धरण्यात गुंतले होते, आणि घरात वाढणारी, गाडी हाकणारी माणसं हे सगळं ऐकत होती.

सरांचा आवडता मुद्दा मुकादमांचा. कट केला तो सगळ्यात पिचलेल्यांनी केला नाही. मळ्यामळ्यांवरचे मुकादम, बग्गी हाकणारे, ज्यांना रविवारी इकडून तिकडे जायची परवानगी होती, अशांनी केला. १४ ऑगस्ट १७९१, रविवार. उत्तरेकडच्या एका मळ्यावर बैठक झाली. बुकमन हा त्यांचा म्होरक्या. २२ च्या रात्री पहिले मळे पेटले आणि काही आठवड्यांत उत्तरेकडचं मैदान काळं झालं. ऊस वाळला की कसा पेटतो ते आम्ही पाहिलं होतं. बुकमन नोव्हेंबरात मारला गेला, पण तोवर आग त्याच्या हातात राहिली नव्हती.

पुढच्या लढाया सरांनी भराभर उरकल्या. इंग्रज आले, स्पॅनिश आले. २९ ऑगस्ट १७९३ ला फ्रेंच कमिशनर सोंतोनानं उत्तरेत गुलामी रद्द केली, ४ फेब्रुवारी १७९४ ला पॅरिसनं सगळ्या वसाहतींत. सर थांबले ते तूसाँ लूव्हर्तूरपाशी. एकेकाळचा गुलाम, गाडीवान, सेनापती झाला, १८०१ मध्ये तहहयात गव्हर्नर झाला. आणि मोकळ्या झालेल्या माणसांना त्यानं परत मळ्यावरच पाठवलं. उत्पन्नाचा चौथा हिस्सा त्यांचा, फटके बंद, पण मळा सोडून जायचं नाही, पहाऱ्याला लष्कर. साखर विकल्याशिवाय दारूगोळा येत नव्हता, दारूगोळ्याशिवाय स्वातंत्र्य टिकत नव्हतं. लोकांना हवा होता स्वतःचा जमिनीचा तुकडा, त्यात केळी आणि रताळी. त्यांच्या बाजूनं उठलेल्या मोईझला, स्वतःच्या मानलेल्या पुतण्याला, तूसाँनं गोळ्या घातल्या. "तूसाँ बरोबर होता का?" सरांनी विचारलं. वर्ग दोन तट पडून भांडला. सर शेंगा सोलत ऐकत होते. निकाल त्यांनी दिला नाही. मी आजही दोन्ही बाजूंनी भांडू शकतो.

नेपोलियननं पाठवलेली फौज १८०२ च्या सुरुवातीला बेटावर उतरली. तूसाँला दगा देऊन धरलं. ७ एप्रिल १८०३ ला तो फ्रान्सच्या डोंगरातल्या किल्ल्यात थंडीनं, उपासानं गेला. बेटावरच्या फौजेला पिवळ्या तापानं कापून काढलं. गुलामी परत आणायचा बेत आहे हे उघड झाल्यावर काळे आणि मिश्र रक्ताचे सेनानी एक झाले, आणि १८ नोव्हेंबर १८०३ ला व्हेर्तिएरला, तूसाँच्या हाताखालचा सेनानी देसालीन, त्याच्या सैन्यानं शेवटची लढाई जिंकली. १ जानेवारी १८०४ ला गोनाईव्हमध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली. नाव ठेवलं ते मूळच्या लोकांचं, हैती, म्हणजे डोंगरांचा मुलूख. त्यानंतरच्या महिन्यांत देसालीननं उरलेल्या फ्रेंचांची, बायकापोरांसकट, कत्तल करवली. सरांनी तेही फळ्यावर लिहिलं. "वगळायचं नाही. आपल्या बाजूच्या माणसानं केलं म्हणून तर अजिबातच नाही."

माझ्या पेपरातले परिणाम असे होते: हैती स्वतंत्र झाले, नेपोलियनने १८०३ मध्ये लुईझियाना अमेरिकेला विकले, साखरेचा धंदा क्यूबाला गेला व तेथे गुलामी वाढली. हा तिसरा मुद्दा लिहिताना मला आमच्या गावची दोन गुऱ्हाळं दिसत होती. एक बंद पडलं की गिऱ्हाईक दुसऱ्यावर जातं. सरांनी त्याच्याखाली लाल रेघ ओढून 'छान' लिहिलं होतं. आणि तरी चारच.

मी बँकेत लागलो, बरीचशी नोकरी कर्जखात्यात गेली. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला. रोज पेपरात बातमी, आणि प्रत्येक बातमीत देशाच्या नावाला 'गरीब' हे विशेषण, जणू आडनावच. कर्जखात्यातल्या माणसाला गरिबी दिसली की तो जुनं खातं उघडून बघतो. मी वाचायला लागलो आणि १८२५ पाशी थबकलो.

स्वातंत्र्य मिळून एकवीस वर्षं झाली होती आणि फ्रान्सनं ते मानलेलं नव्हतं. राजा दहाव्या चार्ल्सनं चौदा लढाऊ जहाजं पाठवली आणि अट घातली: आमच्या मळेवाल्यांचं जे नुकसान झालं त्याची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक द्या, पाच हप्त्यांत, म्हणजे तुम्हाला स्वतंत्र म्हणू. नुकसानीत गुलामही आले. ज्यांना विकत घेतलं होतं त्यांच्याच मुलांनी त्यांची किंमत भरायची. राष्ट्राध्यक्ष बॉयेनं सही केली. पहिला हप्ता ३ कोटींचा. तिजोरीत पैसे नव्हते, तेव्हा पॅरिसच्याच सावकारांकडून ३ कोटींचं कर्ज काढलं. सावकारांनी कमिशन कापून हातावर ठेवले २ कोटी ४० लाख.

आम्ही खात्यात ह्याला नवं-जुनं म्हणतो. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज. एकदा नवं-जुनं सुरू झालं की शेतकरी त्यातनं निघताना मी फार कमी पाहिलेत, आणि इथं तर मुद्दलच खोटं. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली, तोवर नवी कर्जं चढली होती. शाळा, रस्ते, बंदरं, सगळं मागं राहिलं आणि कॉफीवरच्या जकातीचा पैसा समुद्रापार जात राहिला. त्या देण्यातून निघालेली कर्जं शेवटी फिटली १९४७ मध्ये.

रात्री साडेनऊ वाजता सरांना फोन लावला. ते निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती, ऐकायला कमी येत होतं. मी ओरडून ओरडून हप्ते, कमिशन, १९४७ सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. वाटलं, फोन कटला.

"आहेस का?" सर म्हणाले. "तुझ्या पेपरात परिणाम १८०४ लाच संपले होते बघ. फार तर क्यूबापर्यंत गेलास. तो टोळीतला पोरगा उचलीचं विचारून गेला, तरी तुम्हा एकालाही पुढं विचारावंसं वाटलं नाही."

मग म्हणाले, "तात्या कसे आहेत?" तात्या जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. चरक अजून आहे, आम्ही भंगारात घातलेला नाही, असं मी सांगितलं.