उजनीचं पाणी उतरतं तेव्हा

रोहित पक्षी बघायला येणाऱ्या गाड्या मार्च सरता सरता बंद होतात. जानेवारीतल्या रविवारी उजनी धरणाच्या पाण्याकाठी, कुंभारगावला, पाय ठेवायला जागा नसते. पाडवा झाला की तिथे नावाडी, वाळत घातलेली जाळी आणि सावलीला पडलेली कुत्री, एवढीच काय ती वर्दळ. पट्टेरी राजहंस हिमालय ओलांडायला निघून गेलेले असतात, थापटे आणि चक्रवाक ही बदकंही पांगलेली. मग पुण्यातले मित्रमैत्रिणी मला विचारतात, "आता काय उरलंय तिकडे?"

उरलंय म्हणजे काय! माझं माहेर पळसदेवकडचं. शाळेच्या सुट्ट्या एप्रिल-मेच्या, त्यामुळे मला उजनी कळली ती उन्हाळ्यातच. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं आणि आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. यशवंतसागराची, म्हणजे उजनीच्या जलाशयाची, पूर्ण साठवण साधारण 117 टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत, म्हणजे टक्केवारीत न धरला जाणारा तळाचा. पाणी त्याच्याही खाली गेलं की धरण 'उणे'त जातं. 2024 च्या मे महिन्यात उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं आणि पळसनाथाचं जुनं मंदिर अख्खं उघडं पडलं होतं. माणसं दर्शनाला, सेल्फीला लोटली. मला मात्र शिखरावर पंख पसरून बसलेले पाणकावळेच आठवतात.

पाणी उतरतं तशी मधली उंचवट्याची जमीन बेटासारखी वर येते, आणि त्या उघड्या, तापलेल्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतात. पिवळीजर्द चोच, काळी टोपी, राखाडी अंग, कात्रीसारखी शेपटी. घरटं वगैरे काही नाही. मातीत जरासा खळगा, त्यात दोन-तीन करड्या, ठिपकेदार अंड्यांचा संसार. दोन हातांवरून बघितलं तरी खडे वाटतात.

परवा सकाळी निघालो तर नावाडीमामांनी आधीच बजावलं, "ताई, बेटावर न्हाय उतरायचं आता. अंडी हायती." नाव लांबच थांबवली. दुर्बिणीतून एक मादी (की नर, सुरयांमध्ये मला ओळखता येत नाही) दिसत होती. ती उठायची, पाण्यावर जाऊन पोट बुडवायची आणि तशीच निथळत परत येऊन अंड्यांवर बसायची. तिची ही फेरी सारखी चाललेली. लोकांना वाटतं पक्षी अंडी उबवतात. इथे वैशाखात अंडी गार ठेवणं हेच मोठं काम असतं. दुपारी तर ती बसतही नाही, नुसती उभी राहून सावली धरते.

म्हणून जवळून फोटो हवा म्हणून बेटावर चढणाऱ्यांचा मला राग येतो. तुम्ही उतरलात की सगळी वसाहत एकदम उठते, डोक्यावर कालवा करते, आणि तुमची लेन्स बदलेपर्यंत अंडी उन्हात भाजत असतात. शिवाय कावळे टपलेलेच. पाणभिंगरी, हा इथलाच छोटा पक्षी, तर पंख मोडल्याचं सोंग घेऊन तुमच्यापुढे फरपटत जाते. ते बघून "किती क्यूट" म्हणत व्हिडिओ काढणारे पाहिलेत मी. ती तुम्हाला हाकलतेय, निघा तिथून!

पाणी आणखी खाली गेलं की वेगळंच संकट. बेट काठाला जोडलं जातं आणि काल जिथे पोहून जावं लागत होतं तिथे आज कुत्री चालत पोचतात. एका रात्रीत सगळं साफ होतं. नाव लावून हाकलणार तरी किती?

उघड्या पडलेल्या काठावर माणसंही असतातच. माझा भाऊ गाळपेर करतो, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळात पेरतो: कलिंगड, काकडी, थोडा मका. यंदा त्याच्या रानात टिटवीने अंडी घातली. चार, टोकं आत करून नीट मांडलेली. आण्णा खूष, कारण चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. टिटवी बहुतेक वेळा चारच घालते, त्यामुळे आण्णांचा अंदाज दरवर्षीच उत्तम असतो. दादाने तेवढा तुकडा ट्रॅक्टर वळवून सोडला खरा, पण टिटवी रात्री दोनला कोकलते म्हणून तिला शिव्याही रोज घालतो.

येताना भादलवाडीच्या तलावावर गेलो. तिथे पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर चित्रबलाक करकोच्यांची वसाहत असते. मोठ्या पक्ष्याला आवाज जवळपास नाहीच, चोच वाजवतो तेवढंच. सगळा गोंगाट पिल्लांचा. आई-बाप आले की चोचीशी झोंबतात, गिळलेले मासे घरट्यात ओकायला लावतात, आणि वास असा की दहा मिनिटांत डोकं उठतं. ऊन चढलं तसे मोठे पक्षी पिल्लांकडे पाठ करून, पंख अर्धे उघडून उभे राहिले. पाठीमागच्या पिसांवरचा गुलाबी रंग तेव्हा काय दिसतो! हे इतक्या जवळून, आणि फुकट, बघायला मिळतं तरी रस्त्याने जाणारे थांबत नाहीत.

उजनीत सध्या सगळ्यांचा भार चिलापी माशावर आहे. जाळ्यात तीच, ताटात तीच, सुरयाच्या चोचीतही तीच. आमच्या लहानपणीचे मरळ, वाम आता क्वचित मिळतात असं मामा सांगतात.

यायचं असेल तर पावसाआधी या. एकदा का पुण्याकडची धरणं भरली आणि दौंडचा विसर्ग (तिथून भीमेतून उजनीत येणारं पाणी) वाढला की ही बेटं पुन्हा बुडतात, उशिरा घातलेली अंडीही त्यातच जातात. पहाटे सहाला नावेत बसा, नऊला परत. टोपी, पाणी, दुर्बीण आणा. कॅमेऱ्याला लांब पल्ल्याची लेन्स नसेल तर नुसतं बघा. जेवायला काठावर चिलापीचं कालवण आणि भाकरी मिळते, आधी सांगून ठेवावं लागतं. कलिंगड हवं असेल तर दादाकडे आहे. भाव करत नाही तो, माझ्याशीसुद्धा.